मनोरे दिसतात, टेलिफोन दिसत नाही

आमच्या हैदराबादकडच्या मराठी मंडळींत जुन्या गोष्टी निघाल्या की निजामाच्या विमानांचा विषय हमखास येतो. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने दिलेल्या पैशांमुळे ब्रिटिश हवाई दलातल्या तीन तुकड्यांना हैदराबादचं नाव लागलं: ११०, १५२ आणि २५३. त्यातली १५२ क्रमांकाची तुकडी १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डोर्सेटमधल्या वॉर्मवेल इथं स्पिटफायर विमानं घेऊन बसली होती. तिच्या मानचिन्हावर निजामाची दस्तार आहे. आपल्या शहराचं नाव तिकडच्या आकाशात फिरलं याचं कौतुक सगळ्यांना वाटतं, आणि वाटावंही. आमच्या तरुण सभासदांनी या तुकड्यांवर एक पान करायला घेतलंय, त्यासाठी विमानांचे फोटो जमवणं चालू आहे.

याच निमित्तानं मंडळात दोन जुने इंग्रजी चित्रपट पुन्हा पाहिले गेले. एक १९६९ चा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’, दुसरा १९७० चा ‘तोरा! तोरा! तोरा!’. दोन्ही खर्चिक, दोन्ही सांगतात की आम्ही खऱ्या घटनेला धरून आहोत, आणि दोन्हींत समुद्रकिनाऱ्यावर बसवलेलं रडार केंद्र कथेच्या अगदी मोक्याच्या जागी येतं. चर्चा झाली ती विमानांवर. मला बोलायचंय ते रडारवर, आणि त्याहून जास्त रडारच्या मागच्या माणसांवर.

प्रश्न अगदी साधा आहे. वॉर्मवेलच्या वैमानिकाला ‘उड’ म्हणून सांगितलं कोणी? त्याला कसं कळलं की शत्रू कुठं आहे, किती उंचीवर आहे, किती विमानं आहेत? या प्रश्नाचं उत्तर देण्यात पहिला चित्रपट कमी पडतो आणि दुसरा, मुळात पराभवाची गोष्ट असूनही, बराच पुढे जातो, असं माझं मत आहे. त्याची कारणं खाली देतो.

खबर कशी चालायची

चित्रपटांकडे जाण्याआधी व्यवस्था थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर माझी तक्रार कशाबद्दल आहे ते कळायचं नाही.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात यंत्र लावून पाहिलं. बीबीसीच्या प्रक्षेपकाच्या लहरी उडत्या हेफर्ड बॉम्बफेकी विमानावर आपटून परत येतात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढं बॉड्सी इथं संशोधन झालं आणि इंग्लंडच्या पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर केंद्रांची साखळीच उभी राहिली. तिचं नाव ‘चेन होम’. युद्ध सुरू झालं तेव्हा अशी सुमारे २० केंद्रं चालू होती. प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे ३६० फुटांचे, लहरी पकडणारे लाकडी मनोरे २४० फुटांचे. ते फिरत नसत. आज रडार म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गोल पडद्यावर फिरणारी हिरवी काडी. तीही तिथं नव्हती. पडद्यावर एक आडवी रेघ असे आणि विमान असेल तिथं त्या रेघेत खाच पडे. खाचेच्या जागेवरून अंतर कळायचं. विमानं किती, हे खाच कशी थरथरते त्यावरून ताडायचं. हे ताडणं सरावाचं काम होतं. ते करणाऱ्यांत महिला सहायक हवाई दलाच्या, म्हणजे ‘वाफ’च्या मुली मोठ्या संख्येनं होत्या.

या यंत्राच्या मर्यादाही ध्यानात घ्या. अंतर बरं कळायचं, दिशा तेवढी नीट कळत नसे. खालून उडणारी विमानं निसटायची; त्यांच्यासाठी ‘चेन होम लो’ ही दीड मीटर लहरींची वेगळी केंद्रं बसवावी लागली. आणि साखळीचं तोंड समुद्राकडं. शत्रू एकदा किनारा ओलांडून आत आला की या रडारचा उपयोग संपला. तिथून पुढं काम ऑब्झर्व्हर कोअरच्या लोकांचं. हजाराहून अधिक चौक्या, सुमारे ३०,००० माणसं, बहुतेक आपापला कामधंदा सांभाळून आलेली. दुर्बीण, एक साधं कोनमापक आणि टेलिफोन एवढ्यावर त्यांचा कारभार.

आता खबरीचा प्रवास पाहा. किनाऱ्यावरच्या केंद्रातून फोन जायचा स्टॅनमोरला, बेंटली प्रायरी इथल्या फिल्टर रूमकडे. एकच टोळी दोन-तीन केंद्रांना दिसायची आणि प्रत्येकाची दिशा थोडी वेगळी यायची. तिथले लोक दोन केंद्रांची अंतरं जुळवून खरी जागा ठरवत. आपल्याकडं धान्य पाखडतात ना, तसंच हे काम. खडा कुठला, दाणा कुठला ते इथं ठरायचं. निवडलेली खबर तिथून गटाच्या मुख्यालयाला, गटातून सेक्टरला, सेक्टरातून धावपट्टीला. वॉर्मवेलचा विचार करायचा तर स्टॅनमोरहून बॉक्स, बॉक्सहून मिडल वॉलप, मिडल वॉलपहून वॉर्मवेल. नकाशाच्या टेबलांवर सोंगट्या सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे भाग, आणि ज्या भागात काटा असेल त्या रंगाचा बाण टेबलावर ठेवायचा. त्यामुळं खबर ताजी की शिळी ते बघताक्षणी कळे. स्पिटफायरला २०,००० फूट गाठायला साधारण १५ मिनिटं लागत. हा सगळा प्रवास तेवढ्या वेळाच्या आत बसवायचा होता.

ही व्यवस्था एका दिवसात जन्मली नाही. १९३६-३७ मध्ये हेन्री टिझर्ड यांच्या पुढाकारानं बिगिन हिल इथं प्रयोग झाले, ते यंत्राचे कमी आणि खबरीचे जास्त. जमिनीवर बसलेल्या माणसानं वैमानिकाला कुठल्या कोनात उडायला सांगायचं, याची तिथं रंगीत तालीम झाली. १९३६ मध्ये फायटर कमांडची सूत्रं ह्यू डाउडिंग यांच्याकडं आली. त्यांचं खरं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, त्यांनी या सगळ्या दोऱ्या एका हातात आणल्या.

पहिला चित्रपट: दिसतं ते सगळं चोख

‘बॅटल ऑफ ब्रिटन’चे दिग्दर्शक गाय हॅमिल्टन. डाउडिंगच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए, कीथ पार्कच्या भूमिकेत ट्रेव्हर हॉवर्ड. चित्रपटाचं कौतुक आधी करतो, कारण ते त्याला मिळायलाच हवं. आकाशातली दृश्यं खऱ्या विमानांनी घेतलेली आहेत. जर्मन बाजूची माणसं जर्मन बोलतात, सल्लागारांत खुद्द ॲडॉल्फ गालांड होते. ऑलिव्हिएचा डाउडिंग कमी बोलतो, थकलेला दिसतो, पण आपला मुद्दा सोडत नाही. पार्क आणि ली-मॅलरी यांचा वाद, म्हणजे विमानं लहान तुकड्यांनी वेळेवर पाठवायची की मोठा थवा जमवून, तोही टाळलेला नाही. नकाशाच्या टेबलाभोवतीच्या खोल्या छान उभ्या केल्यात.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की चित्रपट रडार दाखवतो आणि टेबल दाखवतो, पण दोहोंच्या मधलं काही सांगत नाही. मनोऱ्यांचं एक दृश्य येतं, पुढच्याच क्षणी टेबलावर सोंगटी आलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, मनोऱ्यानं पाहिलं आणि टेबलाला कळलं. ज्या खोलीत तीन केंद्रांच्या तीन वेगळ्या उत्तरांतून एक उत्तर निघायचं, ती खोली कथेत नसल्यासारखीच आहे. त्यामुळं रडार हा इथं एक जादूचा आरसा होऊन बसतो.

व्हेंटनरच्या हल्ल्याचं दृश्य घ्या. आइल ऑफ वाइट बेटावरच्या या केंद्रावर स्टुका विमानं सूर मारून येतात आणि केंद्र गारद होतं. दृश्य म्हणून जबरदस्त. प्रत्यक्षात काय झालं? १२ ऑगस्ट १९४० रोजी डोव्हर, राय, पेव्हेन्सी, केंटमधलं डंकर्क आणि व्हेंटनर या केंद्रांवर हल्ले झाले. व्हेंटनरवर त्या दिवशी आली ती युंकर्स ८८ विमानं. स्टुका आल्या चार दिवसांनी, १६ तारखेला. हा फरक मी चुका काढण्याच्या हौसेनं सांगत नाही. चित्रपटाला दोन दिवसांचा एक दिवस करायची मुभा आहे. खरी अडचण पुढं आहे. व्हेंटनर सोडलं तर बाकीची केंद्रं त्याच दिवशी काही तासांत पुन्हा चालू झाली. जाळीदार मनोऱ्यांतून स्फोटाचा धक्का आरपार निघून जायचा, ते सहसा पडत नसत. आणि व्हेंटनर बंद असताना तिथली उणीव बेंबरिज इथं फिरतं केंद्र लावून भरून काढली गेली. १५ ऑगस्टला गोअरिंगनंच शंका काढली की या केंद्रांवर हल्ले चालू ठेवण्यात काही अर्थ आहे का, कारण एकही कायमचं बंद पडलेलं दिसत नाही. जर्मनांनी मनोरा म्हणजेच रडार असं धरलं होतं. मनोरा उभा दिसला की त्यांना वाटायचं, नेम वाया गेला.

आता बघा, चित्रपटाचा कॅमेराही नेमकं हेच धरून चालतो! तोही मनोऱ्याकडंच पाहतो.

त्या आठवड्यातलीच दुसरी घटना पोलिंगची. १८ ऑगस्टला ससेक्समधल्या पोलिंग रडार केंद्रावर स्टुकांनी बॉम्ब टाकले. तिथं कॉर्पोरल जोन एव्हिस हर्न ही वाफची मुलगी टेलिफोनवर होती. आजूबाजूला बॉम्ब पडत असताना ती जागेवर राहिली आणि आकडे सांगत राहिली. त्याबद्दल तिला मिलिटरी मेडल मिळालं. कुणालाही भिडेल असा हा प्रसंग. त्यात विमान लागत नाही, स्फोटाचे मोठे खर्च लागत नाहीत, एक खोली आणि एक फोन पुरे. चित्रपटात वाफची प्रमुख व्यक्तिरेखा आहे सेक्शन ऑफिसर मॅगी हार्वी, भूमिका सुझाना यॉर्कची. धावपट्टीवरच्या हल्ल्यानंतर ती आपल्या मृत सहकारी मुलींसमोर उभी राहते, तो प्रसंग चांगला आहे. पण पटकथेला तिच्याकडून मुख्यतः हवा आहे तो नवऱ्याबरोबरचा वाद: तिनं बदली घेऊन त्याच्या जवळ यावं की नाही. ती रोज काय काम करते, त्या कामात चूक झाली तर काय होतं, हे तिच्या तोंडून किंवा हातून आपल्याला कळत नाही. युद्धातल्या बाईचं दुःख दाखवलं, कसब नाही दाखवलं. माझ्या मते चित्रपटातली ही सगळ्यात मोठी उणीव.

जे सोडलं त्यानं काय बिघडलं

व्यवस्था किती नाजूक होती हे दाखवणारा प्रसंग युद्धाच्या चौथ्याच दिवशी घडला. ६ सप्टेंबर १९३९. अनोळखी विमानांची खबर आली, हरिकेन उडवले गेले. उडालेली ती आपलीच विमानं शत्रूची म्हणून नकाशावर चढली, म्हणून त्यांना अडवायला आणखी विमानं उडाली. शेवटी ७४ व्या तुकडीच्या स्पिटफायरनी ५६ व्या तुकडीचे दोन हरिकेन पाडले आणि मॉन्टॅग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक मेला. शत्रूचं एकही विमान तिथं नव्हतं. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असं थट्टेचं नाव या घटनेला पडलं. यंत्र समोर काहीतरी आहे एवढंच सांगत होतं. आपलं की परकं ते सांगत नव्हतं. आपलं विमान ओळखू येण्यासाठी लागणाऱ्या खुणेच्या यंत्राची निकड यातून सगळ्यांना पटली.

चित्रपट १९४० पासून सुरू होतो, म्हणून हा प्रसंग त्यात नाही, असं कुणी म्हणेल. ठीक. पण याची आठवणसुद्धा संवादात कुठं नाही. त्यामुळं १९४० मधली यंत्रणा पहिल्यापासूनच बिनचूक होती असा समज होतो. ती चुकत-चुकत, एक जीव गमावून घडली, हे कळलं असतं तर डाउडिंगची शिस्त, त्यांचा हट्ट, त्यांचं थकलेपण जास्त समजलं असतं.

दुसरा गैरसमज असा की रडार फक्त ब्रिटिशांकडंच होतं. चित्रपट तसं म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याचा तसा ग्रह होतो. जर्मनांचं ‘फ्रेया’ रडार यंत्र म्हणून चांगलंच होतं. १८ डिसेंबर १९३९ रोजी हेलिगोलंडच्या उपसागरावर आलेली ब्रिटिश वेलिंग्टन विमानं त्यांच्या किनाऱ्यावरच्या फ्रेयानं वेळेत टिपली. खबर मात्र आधी कुणी खरी मानली नाही, त्यात वेळ गेला. हल्ला करणाऱ्या २२ विमानांपैकी १२ तरीही पडली, कारण दिवस स्वच्छ होता आणि परतीच्या वाटेवर जर्मन लढाऊ विमानांनी त्यांना गाठलं. म्हणजे यंत्र दोन्हीकडं होतं. १९४० च्या उन्हाळ्यात फरक पडला तो यंत्राच्या मागं लावलेल्या खबरीच्या व्यवस्थेनं.

दुसरा चित्रपट: न ऐकलेली खबर

‘तोरा! तोरा! तोरा!’ हा पर्ल हार्बरवरचा. अमेरिकन भाग रिचर्ड फ्लायशर यांनी, जपानी भाग तोशिओ मासुदा आणि किंजी फुकासाकू यांनी दिग्दर्शित केला. हा चित्रपट कोरडा आहे असं म्हणतात. खरंच आहे, कार्यालयं, फायली, निरोप, पुन्हा कार्यालयं. मला मात्र हा कोरडेपणा इथं गुणाचा वाटतो.

ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना इथं एससीआर-२७० जातीचं फिरतं रडार लावलेलं होतं. चित्रपट हल्ल्याच्या बऱ्याच आधी आपल्याला या ठिकाणी नेतो, आणि यंत्राची स्तुती करत बसण्याऐवजी एक व्यावहारिक प्रश्न काढतो: इथं काही दिसलं तर कळवायचं कशानं? पाहणारा थोडं हसतो आणि विसरतो. नंतर तोच प्रश्न सगळ्या बेटावर कोसळतो.

७ डिसेंबर १९४१, रविवार. जोसेफ लॉकार्ड आणि जॉर्ज एलियट हे दोन शिपाई पहाटे ४ ते ७ या पाळीवर होते. पाळी संपली तरी नाश्त्याला नेणारा ट्रक आला नव्हता, म्हणून एलियटचा सराव व्हावा यासाठी यंत्र चालू राहिलं. ७ वाजून २ मिनिटांनी उत्तरेकडं सुमारे १३० मैलांवर प्रचंड मोठा ठसा उमटला. त्यांनी फोर्ट शाफ्टरच्या माहिती केंद्राला फोन केला. तिथली मंडळी ७ वाजता पाळी संपवून निघून गेली होती. उरला होता लेफ्टनंट कर्मिट टायलर. मूळचा लढाऊ वैमानिक, या खोलीतली त्याची ही दुसरीच पाळी. त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून आपलीच बी-१७ विमानं येणार आहेत असा त्याचा अंदाज होता, आणि ती खरोखर येतही होती. त्यानं सांगितलं, काळजी करू नका. दोघे शिपाई ठसा पाहत राहिले, ७.४० च्या सुमाराला तो डोंगरांच्या आड गेला. मग बॉम्ब पडायला लागले.

हा प्रसंग चित्रपटात जेमतेम काही मिनिटांचा आहे आणि अजिबात आरडाओरडा न करता केलाय. टायलरला खलनायक केलेलं नाही. तो आळशी वाटत नाही, मूर्ख वाटत नाही. एका अर्धवट चालू असलेल्या व्यवस्थेत एकटा बसवलेला माणूस वाटतो. इतिहासही तेच सांगतो. चौकशी झाली, पण त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली नाही. त्याला या कामाचं धड प्रशिक्षण नव्हतं, मदतीला माणसं नव्हती, आणि आपलं विमान कुठलं हे सांगणारे इतर दलांचे अधिकारी त्या खोलीत नव्हते. लॉकार्डला पुढं पदक मिळालं. टायलर २०१० पर्यंत जगला आणि ते एक वाक्य त्याला जन्मभर चिकटलं. एखाद्याच्या तोंडचे दोन-चार शब्द इतिहासाच्या पुस्तकात असे जाऊन बसतात की माणूस पुसला जातो. या चित्रपटानं त्याला थोडी जागा ठेवली, हे मला मोठं वाटतं.

इथंही एक उणीव आहे, ती सांगतो. ठसा किती मोठा आहे, म्हणजे पन्नासहून जास्त विमानं असतील, हा अंदाज फोनवर टायलरपर्यंत पोचलाच नाही. चुकीच्या जागी गप्प राहिलेला एक आकडा! चित्रपटानं यावर थोडं थांबायला हवं होतं. बाराएक बी-१७ आणि पन्नासहून जास्त विमानं यातला फरक टायलरलाही कळला असता. तरी एकंदरीत पाहता ओपानाचा प्रसंग पाहणाऱ्याला नीट शिकवतो: दिसणं आणि कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधली वायर तुटली तर पहिलीचा उपयोग शून्य.

आपल्या समुद्रातली दोन उदाहरणं

चर्चेत एक आक्षेप आला की हे सगळं फार लांबचं. तसं नाही. चार महिन्यांतच हीच जपानी विमानवाहू जहाजं हिंदी महासागरात आली. ४ एप्रिल १९४२ ला कॅनडाचा लेनर्ड बर्चल यानं कॅटालिना विमानातून हा ताफा पाहिला आणि तो पाडला जाण्याआधी बिनतारी खबर दिली. म्हणजे कोलंबोला हल्ला येणार हे आदल्या दिवशीच ठाऊक होतं. तरी ५ एप्रिलच्या सकाळी विमानं शहरावर आली तेव्हा रडारकडून इशारा मिळाला नाही. रत्मलाना इथल्या ३० व्या तुकडीचे हरिकेन उडत असतानाच गाठले गेले. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला आला. तिथल्या रडार केंद्रानं सुमारे ९० मैलांवर तो टिपला, खबर पोचली, आणि २६१ व्या तुकडीचे हरिकेन आधीच वर गेले. लढाई तिथंही महाग पडली, पण जमिनीवर गाफील सापडण्याची वेळ आली नाही. एकच बेट, एकच शत्रू, चार दिवसांचं अंतर. रडार चालवणाऱ्या खोलीपासून धावपट्टीपर्यंतची वाट एकीकडं बंद होती, दुसरीकडं उघडी.

याच दरम्यान, ६ एप्रिलला, ‘र्‍यूजो’ या जपानी जहाजावरच्या विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब टाकले. हैदराबादकरांना हा किनारा काही परका नाही. ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ पाहून आपण डोव्हरचे कडे ओळखतो; विशाखापट्टणमच्या त्या दिवसाबद्दल विचारलं तर चारांतले तीन जण गप्प बसतात.

एका आक्षेपाचं उत्तर

मंडळात एका ज्येष्ठ सभासदांनी माझं म्हणणं खोडून काढलं. ते म्हणाले, अहो, चित्रपट म्हणजे काही टेलिफोन खात्याचा अहवाल नव्हे. लोक विमानं पाहायला येतात. फोनवर आकडे सांगणारी मुलगी दाखवून तिकिटं खपतात का?

त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. चित्रपटाला चित्र लागतं. पण याच चित्रपटानं पार्क आणि ली-मॅलरी यांचा निव्वळ बोलाचालीचा वाद व्यवस्थित रंगवला आहे. डाउडिंग आणि मंत्र्यांचं बोलणं तर टेबलाशी बसूनच होतं. मोठ्या साहेबांच्या खोलीतलं बोलणं नाट्यमय वाटतं आणि फिल्टर रूममधलं वाटत नाही, हा निवडीचा भाग झाला. आणि ‘तोरा! तोरा! तोरा!’नं एका फोनवर अख्खा प्रसंग उभा करून दाखवलाच आहे. तेव्हा करता येत नाही असं नाही, करावंसं वाटलं नाही.

दुसरं असं की आपण हे चित्रपट आता निव्वळ करमणूक म्हणून पाहत नाही. आपल्यासारखी मंडळी त्यातून काय जपायचं ते ठरवतात, आपल्याही नकळत. मनोरा जपावा असं चटकन वाटतं, कारण तो दिसतो. सुदैवानं इंग्लंडात अक्सब्रिजची जमिनीखालची खोली, जिथून पार्कच्या ११ व्या गटाचा कारभार चाले, संग्रहालय म्हणून जपली आहे. बेंटली प्रायरीतही संग्रहालय आहे, आणि बॉड्सीच्या प्रक्षेपण इमारतीतही. ओपानाच्या जागेला १९९४ मध्ये अमेरिकेनं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. त्या जागी पाहण्यासारखं फारसं काही नाही. जे झालं ते एका फोनवर झालं, आणि तरी ती जागा जपावी असं कुणाला तरी वाटलं.

आपल्या पानासाठी

म्हणून हैदराबादच्या तुकड्यांवरच्या पानाबद्दल माझी एक सूचना आहे. विमानांचे फोटो ठेवा, निजामाच्या देणगीचा उल्लेख ठेवा, दस्तारचं मानचिन्ह तर पहिल्याच जागी ठेवा. पण त्याच्या खाली एक साधी रेघ काढा: किनाऱ्यावरचं केंद्र, स्टॅनमोर, बॉक्स, मिडल वॉलप, वॉर्मवेल. प्रत्येक थांब्यावर कोण बसलेलं असायचं आणि ते काय करायचं, हे दोन-दोन ओळींत लिहा. निजामाच्या पैशानं विमान आलं असेल, पण ते कुठं आणि कधी उडवायचं हे ठरायचं या रेघेवर. ती नसती तर हैदराबादचं नाव मिरवणाऱ्या त्या स्पिटफायर रिकाम्या आकाशात तेल जाळत फिरल्या असत्या, नाहीतर कोलंबोच्या हरिकेनसारख्या धावपट्टीवरच सापडल्या असत्या.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांकडून युद्धकाळाच्या आठवणी टिपून घेताना ‘विमानं पाहिली का’ एवढंच विचारू नका. भोंगा कोण वाजवायचं, त्याला निरोप कुठून यायचा, आळीत फोन कुणाकडं होता, खिडक्यांना काळे कागद लावले का ते पाहायला कोण यायचं, हेही विचारा. या प्रश्नांना मिळणारी उत्तरं छोटी असतात आणि ती सांगणारे म्हणतात, ‘त्यात काय सांगायचं?’ तेच लिहून घ्या.